वर्म्सवर अँटिबायोटिक स्क्रीनिंग: लॅबमध्ये नवीन आलेल्यांसाठी

दरवर्षी जून-जुलै आला की लॅबमध्ये दोन-तीन एमएस्सीची पोरं प्रोजेक्टला येतात आणि दरवर्षी मी त्यांना तेच तेच सांगते, ताई हे का करायचं, ताई ते किती टाकायचं, म्हणून म्हटलं एकदाचं लिहूनच टाकू. मी राहते ठाण्यात, लॅब घणसोलीच्या पुढे, आणि यातलं बरंचसं मी ट्रान्स हार्बरच्या गाडीत मोबाईलवर टाईप केलंय त्यामुळे वाक्यं लांबली तर समजून घ्या.

आईला पहिल्यांदा सांगितलं की मी जंतांवर काम करते तेव्हा ती म्हणाली, शाळेत पोरांना जंताच्या गोळ्या देतात आणि तू ते पाळतेस? तर आधी हे क्लिअर करू. आपला वर्म पोटातला नाही. सी. एलिगन्स नाव त्याचं, सूत्रकृमी. शेतीवाल्यांना सूत्रकृमी म्हटलं की टोमॅटोच्या मुळांना गाठी आणणारा आठवतो, हा त्याचा लांबचा चुलत भाऊ पण एकदम निरुपद्रवी, सडक्या फळांवर, पाल्यापाचोळ्यात बॅक्टेरिया खाऊन जगणारा. लांबी १ मिलिमीटर, काचेसारखा आरपार दिसतो, मोठा झाला की अंगात (अंडी-शुक्राणूंच्या पेशी सोडून) मोजून ९५९ पेशी, त्यातल्या ३०२ मेंदू-नसांच्या. बहुतेक सगळे उभयलिंगी, म्हणजे एकटाच स्वतःची अंडी स्वतःच फळवतो, साधारण ३०० पिल्लं, आणि २० डिग्रीला अंड्यापासून अंडी घालणाऱ्यापर्यंत तीन-साडेतीन दिवस. सिडनी ब्रेनरने १९६० च्या दशकात हा प्राणी निवडला, १९७४ ला त्याचा जेनेटिक्सचा मोठा पेपर आला, २००२ ला नोबेल. आपण जो नेहमीचा स्ट्रेन, म्हणजे वाण, वापरतो तो एन२, मूळचा इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचा.

आता हे करायचं कशाला. जुनी पद्धत अशी की प्लेटवर बॅक्टेरिया पसरवायचे, मध्ये औषध ठेवायचं, भोवती मोकळं वर्तुळ आलं की औषध लागू पडलं. झटपट आणि स्वस्त, मी पण करते. पण प्लेटवर फिनाईल टाकलं तरी झकास वर्तुळ येतं, म्हणून कोणी फिनाईल पितं का? बॅक्टेरिया मारणं सोपंय, पेशंटला धक्का न लावता मारणं अवघड. वर्मला आजारी पाडलं, औषध दिलं आणि तो जगला, तर एका फटक्यात दोन गोष्टी कळतात, औषध चालतंय आणि निदान या जिवाला तरी विषारी नाहीये. शिवाय काही औषधं अशी असतात की ती बॅक्टेरियाला मारत नाहीत, नुसती त्याची नखं काढतात किंवा वर्मची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी करतात, ती प्लेटवर कधीच दिसणार नाहीत पण वर्ममध्ये दिसतात.

हे नुसतं बोलायला नाही. २००६ मध्ये अमेरिकेत ऑसुबेलच्या ग्रुपने एन्टेरोकॉकस फिकॅलिसने आजारी पडलेल्या वर्म्सवर ६,००० सिंथेटिक कंपाऊंड आणि १,१३६ नैसर्गिक अर्क तपासले आणि १६ कंपाऊंड, ९ अर्क असे निघाले की वर्म वाचले. २००९ ला तेच काम मशिनवर चढवलं आणि ३७,२०० कंपाऊंड-अर्क पार केले. २०१८ ला अमेरिकेतल्याच मायलोनाकिसच्या ग्रुपने एमआरएसए म्हणजे मेथिसिलीन या अँटिबायोटिकला न जुमानणारा स्टॅफ नावाचा बॅक्टेरिया, त्याच्यावर सुमारे ८२,००० रेणू याच पद्धतीने चाळले, १८५ हाती लागले आणि त्यातून रेटिनॉईड जातीची दोन कंपाऊंड पुढे आली जी बॅक्टेरियाचं मेम्ब्रेनच, म्हणजे पेशीचं आवरणच, फाडतात, त्यामुळे झोपून राहिलेले बॅक्टेरियाही मरतात. मला सगळ्यात मजा वाटते क्लोसान्टेलची, हे गुरा-मेंढ्यांना देतात ते जंताचं औषध, आणि एमआरएसएच्या अशाच एका स्क्रीनमध्ये, म्हणजे चाळणीत, त्यानेच जंत वाचवले. आईला सांगितलं तर तिचा विश्वास बसेना.

आणि गरज किती आहे ते वेगळं सांगायला नको, २०१९ या एका वर्षात जगात १२ लाख ७० हजार माणसं थेट रेझिस्टन्ट, म्हणजे औषधाला दाद न देणाऱ्या, बॅक्टेरियामुळे गेली असा अंदाज आहे, आणि आपल्याकडे अजूनही सर्दीला मेडिकलवाल्याकडून दोन गोळ्या सुट्या आणायची सवय काही जात नाही.

एक गोष्ट मात्र आत्ताच डोक्यात फिट करा. या टेस्टमध्ये तुमचा मीटर म्हणजे वर्मचं मरण. वर्म उपाशी मरतोय, उकाड्याने मरतोय, पोटात पिल्लं फुटून मरतोय, की बॅक्टेरियाने, हे तुम्हाला ओळखता आलं नाही तर सगळा डेटा कचरा. म्हणून पहिला महिना-दीड महिना मी कोणालाच औषधाला हात लावू देत नाही. आधी वर्म जगवायला शिका. पोरं वैतागतात, वैतागू देत.

पहिलं काम, थंडावा

वर्म्सना १५ ते २५ डिग्री लागतं, नेहमीसाठी २०. आपल्याकडे ऑक्टोबरात आणि मे मध्ये बेंचवर ३२-३३ सहज असतं, म्हणजे बीओडी इन्क्युबेटरशिवाय (आतलं तापमान थंड आणि कायम ठेवणारं कपाट) पर्याय नाही, आणि बीओडी यूपीएस नाहीतर जनरेटरच्या लाईनवर आहे का ते पहिल्या दिवशी मामांना विचारून घ्या. मामा म्हणजे आमचे लॅब अटेंडंट, ऑटोक्लेव्हपासून (दाबाच्या वाफेने जंतू मारणारं यंत्र) किल्ल्यांपर्यंत सगळं त्यांच्याकडे, त्यांच्याशी गोड राहा. माझ्या पहिल्या मे महिन्यात शनिवारी दुपारी लाईट गेली ती रविवारी संध्याकाळी आली. सोमवारी उघडून बघते तर वर्म मस्त जिवंत, फिरतायत, मी खूश. दोन दिवसांनी लक्षात आलं की एकाही प्लेटवर धड अंडं नाही. २७ डिग्रीच्या वर गेले की एन२ वांझ होत जातात, त्यांचे शुक्राणू आधी बिघडतात. दिसायला ठणठणीत. तेव्हापासून आमच्या बीओडीमध्ये कमाल-किमान दाखवणारा साधा थर्मामीटर ठेवलेला असतो आणि सोमवारी सकाळी पहिलं काम तो बघायचं.

प्लेट्स

मीडियमचं, म्हणजे प्लेटमध्ये ओतायच्या जेलीचं, नाव एनजीएम. एक लिटरला सोडियम क्लोराईड ३ ग्रॅम, पेप्टोन २.५ ग्रॅम, अगार १७ ग्रॅम, पाणी ९७५ मिली, ऑटोक्लेव्ह करा. मग ५५ डिग्रीपर्यंत निवू द्या, म्हणजे फ्लास्क हातात धरवतो पण गालाला लावावासा वाटत नाही एवढा, आणि मग आधीच स्टराईल करून ठेवलेलं एकेक टाका: १ मोलर कॅल्शियम क्लोराईड १ मिली, इथेनॉलमधलं ५ मिलिग्रॅम प्रति मिलीचं कोलेस्टेरॉल १ मिली, १ मोलर मॅग्नेशियम सल्फेट १ मिली, आणि पीएच ६ चा १ मोलर पोटॅशियम फॉस्फेट बफर २५ मिली. प्रत्येक गोष्टीनंतर फ्लास्क फिरवून मिसळा, सगळं एकदम ओतलं तर कॅल्शियम आणि फॉस्फेट एकमेकांना धरून पांढरा साका करतात. कोलेस्टेरॉल विसरू नका, वर्मला ते स्वतःचं बनवता येत नाही. विसरलात तर पहिली पिढी कशीबशी निघते आणि पुढच्या पिढीपासून गडबड सुरू होते, आणि तोवर तुम्ही दुसऱ्याच कशाला तरी दोष देत बसलेले असता.

६० मिलिमीटरच्या प्लेटला १० मिली, म्हणजे लिटरच्या शंभर प्लेट. ओतल्यावर दोन दिवस वाळू द्या. पावसाळ्यात तीन. झाकणाला आतून घाम आलेली प्लेट वापरायची नाही, वर्म त्या थेंबात पोहत बसतात आणि बुरशी पण तिथूनच सुरू होते. बुरशीबद्दल खरं सांगायचं तर जुलै-ऑगस्टमध्ये ठाणे-नवी मुंबईत ती येणारच, चपला-पुस्तकांवर येते तर प्लेटवर का नाही. पॅराफिल्म लावा, एसीच्या हवेच्या झोताखाली प्लेट उघडू नका, आणि आलीच तर ती प्लेट वाचवत बसू नका, वर्म दुसरीकडे हलवा नाहीतर खाली सांगितलंय तसं ब्लीच करा.

जेवण म्हणजे ई. कोलायचा ओपी५० हा स्ट्रेन. तो युरॅसिल स्वतः बनवू शकत नाही त्यामुळे प्लेटवर पातळच वाढतो आणि वर्म स्पष्ट दिसतात. मध्यभागी थेंब टाका, कडेपर्यंत पसरवू नका, कडेला गेलेला वर्म भिंतीवर चढतो आणि सुकून मरतो.

पिक बनवणं आणि वापरणं

वर्म उचलायला प्लॅटिनमची बारीक तार लागते, काचेच्या पाश्चर पिपेटच्या टोकात वितळवून बसवलेली आणि पुढचं टोक चपटं केलेलं. चपटं करणं हा प्रकार मला काही केल्या जमेना, तार वाकडी व्हायची नाहीतर तुटायची, शेवटी जांभळी नाक्याजवळच्या एका सोनाराकडे गेले, त्यांनी डोळ्याला भिंग लावून छोट्या ऐरणीवर दोन टिचक्या मारल्या, तार काही विकत नाही ना म्हणून खात्री केली आणि पैसेही घेतले नाहीत. तो पिक अजून चालतोय. प्लॅटिनम नसेल तर टूथपिकच्या टोकाला स्वतःच्या पापणीचा किंवा भुवईचा केस चिकटवा, गंमत नाही करत, जगभर लोक वापरतात, फक्त तो ज्योतीत धरता येत नाही, स्पिरिटमध्ये बुडवायचा.

उचलताना वर्मला टोचायचं नाही. पिकच्या खालच्या बाजूला थोडा ओपी५० घ्या, तो चिकट असतो, वर्मच्या पाठीला हलकेच टेकवा, तो चिकटून येतो. नवीन प्लेटवर टेकवून थांबा, तो स्वतःच उतरतो. अगारला ओरखडा पडला तर वर्म त्या भेगेत घुसतात आणि मग खाली बोगदे करून बसतात, मोजता येत नाहीत. रोज अर्धा तास, दहा दिवस, एवढ्यात हात बसतो. पहिल्या दिवशी वीसातले पंधरा मेले तरी रडू नका.

सगळे एकाच वयाचे हवेत

याला सिंक करणं म्हणतात आणि यात सगळ्यात जास्त घोळ होतात. अंडी भरलेले मोठे वर्म प्लेटवरून पाण्याने धुऊन ३.५ मिलीत घ्या, त्यात १ मिली ब्लीच आणि ५ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साईड अर्धा मिली ऐनवेळी एकत्र करून टाका, हलवत राहा. आईचं अंग विरघळतं, अंड्याचं कवच टिकतं. प्रोटोकॉलमध्ये मिनिटं लिहिलेली असतात पण तुम्ही घड्याळ बघू नका, स्कोप म्हणजे मायक्रोस्कोप बघा. वर्म मधून तुटायला लागले, अंडी सुटी दिसायला लागली, की झालं, बहुतेकदा ४ ते ६ मिनिटांत. लगेच सेंट्रिफ्यूज करा आणि एम९ बफरने (क्षारांचं पाणी) तीनदा धुवा. माझी एक अख्खी बॅच केवळ नऊ मिनिटं ठेवल्याने गेली, एकही अंडं फुटलं नाही. आणि उलटही होतं, ब्लीच जुनं असलं तर दहा मिनिटं झाली तरी वर्म मजेत पोहतायत. हायपोची, म्हणजे ब्लीचचीच, बाटली आपल्याकडच्या गरमीत लवकर उतरते, म्हणून उघडली ती तारीख मार्करने बाटलीवर लिहा आणि फ्रीजमध्ये, अंधारात ठेवा.

अंडी एम९ मध्ये रात्रभर २० डिग्रीला हलत ठेवली की फुटतात, पण खायला काही नाही म्हणून पिल्लं पहिल्याच अवस्थेत, एल१ ला, थांबून राहतात. सकाळी सगळ्यांना एकदम जेवायला वाढा, सगळे एकसाथ मोठे होतात. साधारण दोन दिवसांनी एल४, म्हणजे मोठं होण्याआधीची शेवटची, अवस्था येते. ती ओळखायची खूण म्हणजे पोटाच्या मधोमध, कडेला, एक छोटी पांढुरकी चंद्रकोर दिसते, अगदी टिकलीतली असते तशी. मी सगळ्या पोरींना असंच सांगते आणि त्यांना लगेच दिसते, पोरांना अर्धा दिवस जास्त लागतो.

पिल्लं नकोत

टेस्ट चार-पाच दिवस चालते, तेवढ्यात तुमच्या वर्म्सनी अंडी घातली, पिल्लं झाली, आता मूळचे कुठले आणि नवे कुठले? त्याहून वाईट म्हणजे ताणाखाली आलेली आई अंडी बाहेर टाकतच नाही, ती पोटातच फुटतात आणि पिल्लं आईला आतून खातात. स्कोपखाली हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी डबा खाल्ला नव्हता. हे मरण बॅक्टेरियाचं नाही, असा वर्म मेलेल्यांत धरायचा नाही.

उपाय दोन. एक म्हणजे एफयूडीआर नावाचं केमिकल, ते डीएनए बनणं अडवतं त्यामुळे पिल्लं होत नाहीत. पण ते बॅक्टेरियावरही परिणाम करतं आणि आपण नेमकं बॅक्टेरियावरचं औषध शोधतोय, त्यामुळे मला ते या कामाला आवडत नाही. दुसरा उपाय म्हणजे जीएलपी-४ म्युटंट, म्हणजे त्या जीनमध्ये बिघाड असलेले वर्म, हे १५ डिग्रीला व्यवस्थित पिल्लं देतात आणि एल१ पासून २५ ला ठेवले की वांझ. मोठ्या स्क्रीनमध्ये याला एसईके-१ चं म्युटेशन जोडून वापरतात, त्याने प्रतिकारशक्ती कमजोर होते, वर्म लवकर आजारी पडतात आणि तुमचे दोन दिवस वाचतात. स्ट्रेन सगळे मिनेसोटा युनिव्हर्सिटीतल्या सीजीसी या स्टॉक सेंटरकडून येतात, छोट्या प्लेटवर, पाकिटातून. कस्टममध्ये पाकीट अडकू शकतं म्हणून कागदपत्रं आधी करा आणि पावसाळा टाळून मागवा.

आता आजारी पाडायचं

इथून पुढचं काहीही घरी, गच्चीवर, क्लासच्या लॅबमध्ये करायचं नाही. स्युडोमोनास एरुजिनोसा, स्टॅफ ऑरियस, एन्टेरोकॉकस हे माणसाला आजारी पाडणारे बॅक्टेरिया आहेत आणि बीएसएल-२ लॅब (अशा बॅक्टेरियासाठीच्या सुरक्षा पातळीची), बायोसेफ्टी कॅबिनेट, ग्लोव्ह्ज, संस्थेच्या बायोसेफ्टी कमिटीची परवानगी हे सगळं असल्याशिवाय कल्चर उघडायचं नाही. ओपी५० आणि नुसते वर्म यांच्यावर शिकायला मात्र फार काही लागत नाही, उंदरांसाठी लागते तशी प्राण्यांच्या एथिक्स कमिटीची फाईलही सहसा नाही. हॉस्पिटलमधून आलेला रेझिस्टन्ट स्ट्रेन तर नवीन माणसाच्या हातात मी देतच नाही, आधी ज्याच्यावर नेहमीची औषधं चालतात असा स्टँडर्ड स्ट्रेन घ्या.

सगळ्यात जास्त वापरला जातो तो स्युडोमोनासचा पीए१४ हा स्ट्रेन. प्लेट ३७ डिग्रीला एक दिवस, मग २५ ला एक दिवस, मग त्यावर एल४ किंवा तरुण वर्म सोडायचे आणि २५ लाच ठेवायचे. वर्म बिचारा जेवण समजून खातो, एरवी त्याच्या घशातली चक्की बॅक्टेरिया दळून टाकते पण हे थोडे जिवंत आत जातात आणि आतड्यात ठाण मांडतात. दोन-तीन दिवसांत निम्मे मेलेले असतात. एक मजेची गोष्ट, पीए१४ वर सोडलेले वर्म सुरुवातीला आवडीने जातात आणि काही तासांनी तिथून पळायला लागतात, शिकतात म्हणे. म्हणून बघाल तेव्हा कडेला गर्दी असते. या प्लेटला द्राक्षासारखा गोडसर वास येतो आणि अगार हिरवट होतो. वास आला तर आला, मुद्दाम हुंगायला जाऊ नका.

औषध द्यायचं

प्लेटवर औषध मिसळून दहा-वीस कंपाऊंड होतात, त्याहून जास्त असतील तर ९६ खणांच्या प्लेटमध्ये, पाण्यात. वर्म्सना आधी बॅक्टेरियाच्या प्लेटवर काही तास ठेवून आजारी पाडा, धुवा, आणि प्रत्येक खणात १५ ते २० सोडा. मोठ्या लॅबकडे हे मोजून टाकणारं मशीन असतं, आपल्याकडे पिपेट आणि डोळे. ट्यूब हलवत राहा, ५ मायक्रोलिटरचा थेंब काचेवर घेऊन मोजा, असं पाच वेळा करा, सरासरी काढा, त्यावरून किती टाकायचं ते ठरवा. न हलवता काढलं तर पहिल्या खणात ३ आणि शेवटच्यात ४०, कारण वर्म खाली बसतात. आणि ते प्लॅस्टिकच्या टिपला आतून चिकटतात, बफरमध्ये ०.०१ टक्के ट्वीन (साबणासारखं द्रव्य) टाकलं तर सुटतात. टिपचं टोक कात्रीने थोडं कापून घ्या, नाहीतर मोठे वर्म दबतात.

कंपाऊंड बहुतेक डीएमएसओ नावाच्या द्रावकात विरघळवलेलं असतं, खणात डीएमएसओ १ टक्क्याच्या वर जाऊ देऊ नका, वर्मला त्याचाच त्रास होतो. वर्मची कातडी औषध फारसं आत घेत नाही, जे जातं ते मुख्यतः गिळून, त्यामुळे डोस माणसाच्या रक्तात असतो त्यापेक्षा जास्त ठेवावा लागतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही पण पेपर लिहिताना लक्षात असू द्या. वर हवा जाऊ देणारा चिकट पडदा लावा, घट्ट सील केलं तर गुदमरून मरतील. आणि प्लेट ओल्या टिश्यूच्या डब्यात ठेवा, कडेचे खण सुकतात. मी तर कडेच्या खणांत नुसता बफर भरते, ३६ खण वाया जातात, जाऊ देत.

कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचे खण, चार, यातला एकही गाळायचा नाही. आजारी वर्म अधिक नुसतं डीएमएसओ, हे मेले पाहिजेत. आजारी वर्म अधिक माहितीतलं चालणारं औषध, एमआरएसए असेल तर व्हॅन्कोमायसिन, हे जगले पाहिजेत. आजारी नसलेले वर्म अधिक डीएमएसओ, हे शेवटपर्यंत मजेत हवेत, आणि इथे दहापैकी दोन जरी मेले तरी ती प्लेट मी मोजतसुद्धा नाही, सरळ टाकून देते, कारण त्यांना काहीतरी दुसरंच मारतंय. चौथा, आजारी नसलेले वर्म अधिक तुमचं कंपाऊंड, याने कळतं की औषधच विष आहे का. नवीन पोरं खण वाचवायला तिसरा आणि चौथा उडवतात. मागे एकाने तसं केलं आणि तीन आठवडे एका अर्काच्या मागे लागला, नंतर कळलं अर्क-बिर्क काही नाही, बीओडीचा पंखा बंद पडला होता आणि वरच्या कप्प्यातले वर्म खालच्यापेक्षा लवकर मरत होते.

मेला की जिवंत

जिवंत वर्म एस किंवा सी सारखा वळलेला असतो, मेलेला काडीसारखा सरळ आणि ताठ. पण नुसतं दिसण्यावर जाऊ नका, आजारी वर्म तासन्‌तास निपचित पडतो. प्लेटवर असेल तर पिकने डोक्याला हलका स्पर्श करा, मग शेपटीला, हलला नाही तर पाच-दहा सेकंद थांबून परत. डोक्यात तेवढी इवलीशी हालचाल होते कधीकधी, तो जिवंत. खणात असेल तर प्लेटला टिचकी मारा. सायटॉक्स ऑरेंज हा रंग फक्त मेलेल्यांच्या आत शिरतो, फ्लुओरोसन्स स्कोप असेल तर ते सोयीचं. प्लेटवर कोणतं औषध आहे हे मोजणाऱ्याला माहीत नसावं, दुसऱ्या कोणाला तरी कोड नंबर टाकायला सांगा. आपलं लाडकं कंपाऊंड असलं की प्रत्येक काडी हलल्यासारखी वाटते, मला स्वतःला वाटलेली आहे.

रोज एकाच वेळी मोजा. भिंतीवर सुकलेले, हरवलेले, पोटात पिल्लं फुटलेले हे मेले म्हणून धरायचे नाहीत, त्यांना सेन्सर्ड लिहायचं, म्हणजे इथपर्यंत जिवंत होता, पुढचं माहीत नाही. शेवटी कॅप्लान-मायर कर्व्ह, म्हणजे कुठल्या दिवशी किती जिवंत याचा आलेख, काढा आणि दोन आलेखांतला फरक खरा आहे का ते बघायला लॉग-रँक टेस्ट लावा, फुकट सॉफ्टवेअर आहेत. एका औषधाला ३० वर्मच्या तीन प्लेट, आणि अख्खा प्रयोग वेगवेगळ्या आठवड्यात तीनदा, वेगळ्या सिंकवर. एकाच दिवशीच्या तीन प्लेट म्हणजे तीन प्रयोग नाहीत, व्हायव्हात हमखास विचारतात.

हिट मिळाला तर

हिट म्हणजे वर्मला वाचवणारं कंपाऊंड. आधी नाचू नका. वर्म का वाचला याची तीन कारणं असू शकतात. औषधाने बॅक्टेरिया मारला, की त्याचा मारा बोथट केला, की वर्मलाच बळ दिलं. पहिलं तपासायला एमआयसी, म्हणजे बॅक्टेरियाची वाढ थांबवणारं औषधाचं कमीत कमी प्रमाण, काढा, ९६ खणांत औषध निम्म्या-निम्म्याने पातळ करत, प्रति मिली ५ लाख बॅक्टेरिया, ३५ डिग्रीला १६ ते २० तास. एमआयसी आला तर औषध थेट बॅक्टेरियावर चालतंय, मारतंय किंवा वाढ अडवतंय. नाही आला आणि तरी वर्म वाचतोय तर खरी गंमत इथे सुरू होते, मग दहा-वीस वर्म धुऊन, चिरडून, आतले बॅक्टेरिया प्लेटवर मोजा. आतली संख्या तेवढीच आहे पण वर्म जगतोय, म्हणजे तिसऱ्या किंवा दुसऱ्या कारणाकडे वळा. त्यानंतर माणसाच्या रक्तपेशी फुटतात का, सेल लाईनवर (लॅबमध्ये वाढवलेल्या पेशींवर) विषारी आहे का, आणि मग कुठे उंदीर. वर्मला फुप्फुस नाही, आपल्यासारख्या अँटिबॉडी नाहीत, ३७ डिग्रीला तो जगत नाही, त्यामुळे वर्ममध्ये चाललं म्हणजे माणसात चालेल असं नाही. हजारातून दहा निवडायची ही चाळण आहे, तिच्याकडून तेवढंच मागा.

काम झालं की आजारी वर्म, प्लेट, टिप्स सगळं ऑटोक्लेव्ह करूनच लाल-पिवळ्या पिशवीत. मामांच्या हातात कच्ची प्लेट द्यायची नाही, त्यांनी मागितली तरी.

आणि हे खरं म्हणजे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं, पण मला पण उशिराच सुचलं. स्ट्रेन आला की पहिल्याच आठवड्यात फ्रीझ करा. नुकतेच उपाशी पडलेले एल१ भरपूर असलेली प्लेट धुवा, ग्लिसरॉल शेवटी १५ टक्के होईल असं मिसळा, थर्माकोलच्या डब्यात घालून उणे ८० ला ठेवा म्हणजे हळूहळू थंड होतं. मोठे वर्म मरतात, छोटे एल१ वर्षानुवर्षं टिकतात. सहा ट्यूब केल्या तर एक दुसऱ्याच दिवशी काढून ओपी५० वर ओता, आणि संध्याकाळी घरी निघायच्या आधी स्कोपखाली बघा कोणी वळवळतंय का. कोणीच नसेल तर बाकीच्या पाच ट्यूबवर विसंबू नका, मूळ प्लेट अजून हातात आहे तोवर परत करा.